सफेदा

रिठदच्या मनकर्णाबाईच्या अंगणात माघ महिन्यात आठवड्याभरात चार कोंबड्या मेल्या. पहिलीचं कोणी मनावर घेतलं नाही. दुसरी मान वाकडी करून स्वतःभोवती फिरत राहिली आणि मोरीच्या पाण्यापाशी आडवी झाली. “मर आली वाटते,” मनकर्णाबाई म्हणाली. पण मर आली की गावभर येते. शेजारच्या धनीबाईच्या कोंबड्या तर उकिरडा उकरत खुशाल फिरत होत्या. मनकर्णाबाईची लेक ज्योत्स्ना हातात ब्रश घेऊन ओसरीवरून हे बघत होती. चौथी कोंबडी तिनंच नेऊन बांधावर पुरली, साबणानं दोनदा हात धुतले आणि परत येऊन चित्रापुढं बसली.

ज्योत्स्ना तेव्हा चोवीस वर्षांची. बी.ए. झाल्यावर ती वाशीमला एका फ्लेक्सच्या दुकानात लागली. सकाळच्या एसटीनं जायचं, दिवसभर कॉम्प्युटरपुढं बसून वाढदिवसवाल्या भावी सरपंचांचे गाल गुळगुळीत करायचे, वारलेल्या माणसाच्या फोटोला हार चढवायचा आणि संध्याकाळच्या गाडीनं परत यायचं. लहानपणापासून हात चित्राचा, पण चित्रावर पोट भरत नाही हे घरात सगळ्यांनी मान्य केलेलं. तिनंही.

मग पाटणी चौकातल्या रद्दीवाल्याकडं तिला एक जाडजूड ऐतिहासिक कादंबरी मिळाली. मराठीत आणलेली, मुखपृष्ठ फाटलेलं. पाचशे वर्षांपूर्वीच्या फ्लोरेन्स शहरातली एक पोर चित्रकाराच्या कारखान्यात रंग घोटायला लागते. बाईमाणसाला ब्रश धरायची मुभा नाही, म्हणून मालक जेवायला गेला की त्याच्या चित्रातल्या बायांचे हात ती चोरून रंगवते, अशी ती गोष्ट. ज्योत्स्ना ती एसटीत वाचायची. एकदा वाचता वाचता रिठदचा थांबा गेला आणि ती थेट रिसोडला जाऊन उतरली.

पुढं ती मोबाइलवर त्या काळची चित्रं शोधू लागली. बोटांनी मोठी करून करून बघायची, पार रंगाच्या भेगा दिसेपर्यंत. मांडीवर लेकरू घेतलेल्या त्या बाया तिला परक्या वाटल्याच नाहीत. लेकरू सांभाळताना बाईची मान जशी कलते, तशीच कललेली. फक्त त्यांच्या कातडीला आतून उजेड होता. तो उजेड आपल्या हातून एकदा तरी उतरावा, यापलीकडं तिला काही सुचेना. दुकानातून आणलेल्या पांढऱ्या रंगानं तिनं करून पाहिलं, तर भिंतीला चुना फासल्यासारखं झालं. कादंबरीतली पोर शिशाचा सफेदा जवसाच्या तेलात घोटायची. जवस! ते तर घरच्या डब्यात होतं. राहिला सफेदा.

फ्लेक्सच्या दुकानात रोज चहाला येणारे जमशेदचाचा जुने पेंटर. अर्ध्या वाशीमच्या पाट्या एके काळी त्यांच्या हातच्या होत्या.

“चाचा, असली सफेदा कोनाजवळ भेटंन जी?” तिनं विचारलं.

“तुले काहून पायजे थो?”

“चित्राले.”

चाचांचा चेहरा एकदम उजळला. तिला ते घरामागच्या पत्र्याच्या खोलीत घेऊन गेले. गंजलेल्या ब्रशांच्या ढिगाखालून त्यांनी पत्र्याचा एक जड डबा काढला. झाकण उचकटल्यावर आत पिठासारखी मऊ, दुधासारखी पांढरी पूड.

“माह्या अब्बाचा आहे. असा पांढरा आता बनत नाई बेटा. अब्बाचं काम तू पाह्यला पायजे होतं.” चाचांनी झाकण परत दाबून बसवलं. “पन अखेरीले हात गेला बिचाऱ्याचा. मनगट असं लटकलं, कपही धरता ये नाई. पोटात असा मरोड उठे का जमिनीवर लोळे. लोक म्हने, कोनाची तरी नजर लागली.”

ज्योत्स्नानं ओढणीचं टोक नाकाशी धरलं. कादंबरीतला म्हातारा कारागीर असाच होता. लुळ्या हाताचा. तो त्या पोरीला बजावतो की घोटताना तोंडाला फडकं बांध आणि हात धुतल्याशिवाय भाकरीला शिवू नको. ते पान तिला पाठ होतं.

“घेऊन जा,” चाचा म्हणाले. “इथं सडून राह्यला.”

तिनं डबा ओढणीत गुंडाळला आणि घरी आणला.

परसात लिंबाखाली जुना पाटा पडून होता. मिक्सर आल्यापासून त्याला कोणी हात लावला नव्हता. रविवारी सकाळी ज्योत्स्ना नाकाला ओढणी बांधून त्यावर सफेदा घोटायची. थोडं तेल, थोडी पूड, पुन्हा तेल. लोण्यासारखा गोळा झाला की काढून घ्यायची, पाट्यावर दोन बादल्या पाणी ओतायची आणि हात खसखसून धुवायची. पाणी मोरीकडं वाहत जायचं. कोंबड्या तिथंच असायच्या.

चित्रासाठी तिनं वहिनीला बसवलं. वर्षाराणी, पवनची बायको, माहेर अनसिंग. मांडीवर दीड वर्षाची परी. पहिल्या दिवशी वर्षाराणी लाजून पदर सारखा करत राहिली. तिसऱ्या रविवारी मात्र तीच आधी येऊन बसली.

“लग्न झाल्यापासून मले कोनी नुसतं बस म्हनलं नाई, ताई,” ती म्हणाली.

परीला तेव्हा अकरा शब्द येत होते. वर्षाराणीनं मोजले होते. ‘आत्या’ म्हणता येत नव्हतं, ‘आता’ म्हणायची. ‘आता, आता’ करत ब्रशाकडं हात लांबवायची.

आणि चित्र उतरू लागलं. त्या जुन्या चित्रांसारखा आधी दिलेल्या हिरवट थरावर सफेद्याचा पातळ हात फिरला, आणि वर्षाराणीच्या सावळ्या गळ्याला खरंच आतून उजेड आला. ज्योत्स्ना किती वेळ नुसती बघत बसली. तिनं मोबाइलवरचा फोटो चाचांना दाखवला. त्यांनी चष्मा पुसला, परत पाहिलं.

“जान आहे याच्यात,” ते म्हणाले. “जरासं भेवच वाटते बेटा.”

फाल्गुनात मिक्सर जळाला. दुरुस्तीवाला आज देतो, उद्या देतो करत राहिला. एका शनिवारी ज्योत्स्ना कामावरून आली तर वर्षाराणी परसात पाट्यापुढं बसून परीसाठी भिजवलेली मुगाची डाळ वाटत होती.

“तुमचा पाटा घेतला बरं का ताई. चांगला धुतला म्या. चार-पाच दिवस झाले, चटनीही याच्यावरच करून राह्यलो.”

पाट्याला छिन्नीनं टाकी लावलेली होती. त्या बारीक खाचांमध्ये पांढरं बसलेलं ज्योत्स्नाला उभ्या उभ्या दिसलं. वरून पिवळी डाळ फिरत होती. सांगायला एक वाक्य पुरलं असतं. पण सांगितलं की माय डबा फेकणार, चित्र फेकणार. आणि चित्रातल्या परीचा चेहरा अजून व्हायचा होता. दोन बादल्या पाणी तर आपण दर वेळी ओततोच, असं तिनं स्वतःला समजावलं आणि ती हातपाय धुवायला निघून गेली.

त्यानंतर घराची कळाच फिरली. परी पाय पोटाशी घेऊन रडू लागली. तीन-तीन दिवस शी होईना. वर्षाराणीच्या पोटात कळ येऊन ती चुलीपुढं बसल्या जागी वाकायची. मनकर्णाबाईला ताकद नसल्यासारखं वाटू लागलं. मग परीचे शब्द गेले. आधी ‘भू’ गेलं, मग ‘दूध’, मग ‘बाबा’. हाक मारली तरी बघेना.

“दात येऊन राह्यले,” मनकर्णाबाई आधी म्हणाली. मग तिनं मीठ-मिरच्या ओवाळून टाकल्या. मग एक दिवस ती ओसरीवरच्या चित्रापुढं उभी राहिली आणि तिचा आवाज बदलला. “लेकराचं असं चित्र काढू नाई वं पोरी. इकडं भरत चाललं, तिकडं सरत चाललं. पाह्य जरा.”

एरवी ज्योत्स्ना यावर हसली असती.

एका सोमवारी दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. तिनं कॉम्प्युटरवर शिसं आणि लेकरू असे दोन शब्द टाकले. पोटदुखी, शौचाला न होणं, रक्त कमी होणं, शिकलेलं विसरणं. तिनं ते पुन्हा पहिल्यापासून वाचलं. परतताना तिनं दुरुस्तीवाल्याच्या उरावर बसून मिक्सर घेतला. घरी येऊन पाटा तारेच्या घासणीनं घासला आणि भिंतीला टेकवून उपडा ठेवला. आता पोटात जायचं बंद झालं, आता हळूहळू उतरेल, असं तिनं ठरवून टाकलं. कोणाला काही सांगितलं नाही. त्या आठवड्यात ती कामावर गेलीच नाही. परीचा चेहरा पुरा केला. परी स्वतः आता बसत नव्हती, म्हणून आठवणीतून केला.

नवव्या दिवशी सकाळी चहाच्या वेळेला परीला झटका आला. डोळे वर, दातखीळ, अंग लाकडासारखं. पवननं तिला उचललं आणि शेजाऱ्याच्या मोटारसायकलवर मागं बसून, दोघी बायकांसाठी न थांबता वाशीम गाठलं. ज्योत्स्ना आणि वर्षाराणी मागून ऑटोनं पोचल्या.

लेकरांचे डॉक्टर उदयसिंग धिम्या स्वभावाचे. झटका थांबवला, पोट दाबून पाहिलं, पापण्या ओढून पाहिल्या, रक्त घेतलं. मग घरच्यांना समोर बसवून एकेक विचारलं. घरात जुनी बॅटरी फोडली का? काजळ कुठलं लावता? देवाचा शेंदूर पोरीच्या हाताला लागतो का? कसला रंग वगैरे?

“नाई जी,” पवन म्हणाला.

“नाई,” वर्षाराणी म्हणाली. ओसरीवरचं चित्र तिला आठवलंसुद्धा नाही.

डॉक्टरांनी डोक्याचा फोटो काढायला म्हणून नागपूरची चिठ्ठी लिहायला घेतली. ज्योत्स्ना दारापाशी उभी होती. पेन कागदावर चालत होतं.

“सफेदा आहे जी घरात,” ती म्हणाली. “शिशाचा. पाट्यावर घोटला म्या. त्याच पाट्यावर हिची डाळ वाटली.”

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. ते उठून तिच्याजवळ आले. “ओठ वर करा.” बॅटरीच्या उजेडात त्यांनी तिच्या हिरड्या पाहिल्या. दातांच्या मुळाशी निळी-काळी रेघ होती, पेनानं ओढल्यासारखी. “तुमच्याही अंगात गेलंय,” ते म्हणाले. “कोणी काय खाल्लं, किती दिवस, सगळं सांगा. पटापट.”

तिनं सांगितलं. संपल्यावर वर्षाराणी पहिल्यांदाच बोलली. आवाज चढवला नाही.

“तुमाले कधीपासून माईत आहे?”

“सोमवारपासून.”

“काल सोमवार होता, ताई.”

“त्याच्या आधीचा.”

वर्षाराणीनं तोंड फिरवलं. त्यानंतर सात महिने ती ज्योत्स्नाशी एक शब्द बोलली नाही.

परी नागपूरला तीन आठवडे होती. शिसं अंगातून ओढून काढणारी औषधं दिली, मध्ये थांबून पुन्हा दिली. जीव वाचला. घरातल्या सगळ्यांचं रक्त तपासलं, सगळ्यांच्यात निघालं, कोणाच्या कमी कोणाच्या जास्त. ज्योत्स्नाचं उजवं मनगट वळायचं बंद झालं. ते सावरायला पाच महिने गेले, आणि आजही सुईत दोरा ओवताना तिची बोटं थरथरतात. नागपूरहून सुटल्यावर वर्षाराणी लेकीला घेऊन सरळ अनसिंगला गेली. पवनही मागून गेला.

जाण्याआधी तो कुऱ्हाड घेऊन चित्रापुढं उभा राहिला होता. समोर त्याचीच बायको होती आणि त्याचीच लेक, आजारी पडायच्या आधीची. त्याला कुऱ्हाड उचलवेना. तेवढ्यात डॉक्टरांचा फोन आला की काही फोडू नका, जाळू तर मुळीच नका, विहिरीजवळ पुरू नका. मग ठेवायचं कुठं? तीन-चार ठिकाणी विचारून झालं, कोणी घेईना. डबा, पाटा आणि चित्र, सगळं प्लास्टिकमध्ये बांधून महिनाभर गोठ्याच्या कोपऱ्यात पडून होतं. गावातले लोक ती बाजू टाळून जाऊ लागले.

शेवटी जमशेदचाचा टेम्पो घेऊन आले. मनकर्णाबाईनं त्यांना पाणीसुद्धा विचारलं नाही.

“माही वस्तू आहे, माह्या घरी जाईन,” ते म्हणाले. टेम्पोत चढताना ते ज्योत्स्नाकडं वळले. “म्हंजे अब्बाले नजर नवती लागली.”

त्यांनी पत्र्याच्या खोलीला कुलूप लावलं.

ज्योत्स्ना आता वाशीमला खोली घेऊन राहते. काम तेच, फ्लेक्सचं. ब्रश तिनं परत हातात घेतला नाही. कोणी विचारलं तर मनगटाचं कारण सांगते. ती कादंबरी शेवटपर्यंत वाचली का, असं दुकानातल्या एकीनं विचारलं, तर नाही म्हणाली.

परी साडेतीन वर्षांची झाली आहे. चालते, पळते, दिसायला गोड. शब्द पंचवीसेक. दर तीन महिन्यांनी तिला उदयसिंग डॉक्टरांना दाखवावं लागतं. अनसिंगहून वर्षाराणी तिला एसटीनं घेऊन येते, आणि गेल्या दिवाळीपासून स्टँडवर घ्यायला ज्योत्स्नाला येऊ देते. ऑटोत लेकरू आपल्याच मांडीवर ठेवते.

परवाच्या खेपेला वर्षाराणीनं विचारलं, “डॉक्टर, शाळेत शिकंन का जी हे?”

डॉक्टरांनी परीकडं पाहिलं. टेबलावरचं पेन घेऊन ती त्यांच्या कागदावर गोल गोल ओढत होती, मान खाली घालून, अगदी मन लावून.

“आत्ताच सांगता येत नाही,” ते म्हणाले. “अक्षरं शिकायला लागली की दिसेल. आणखी दोन-अडीच वर्षं.”

वर्षाराणीनं वाकून लेकीची मूठ उघडली, पेन काढून टेबलावर ठेवलं. परी रडली नाही. रिकाम्या मुठीकडं बघत राहिली. बाहेर आल्यावर वर्षाराणीनं पुढची तारीख सांगितली, “अठरा जून. साडेदहाची गाडी,” आणि ज्योत्स्नानं ती मोबाइलमध्ये लिहून घेतली.