आत्याचं घोडं

आपलं घोडं पुढे दामटणं म्हणजे काय, हे मला कुणाला विचारावं लागलं नाही. घरात आत्या होती. दवाखाना उघडायच्या आधी तिच्या चपला रांगेत लागलेल्या असत आणि ती घरी निवांत चहा पीत असे. बसमध्ये ती चढायच्या आधी तिचा रुमाल खिडकीतून सीटवर जाऊन बसायचा.

आत्या तिसऱ्या मजल्यावरच्या तिच्या वेगळ्या खोलीत लोकांचे कपडे इस्त्री करायची. गाठोडी वर-खाली करून तिचे गुडघे पार कामातून गेले होते. तळमजल्यावर घड्याळं दुरुस्त करणारे घड्याळकाका एकटेच राहत. ते कायमचे लेकीकडे जाणार, अशी तिला कुणकुण लागली. आमच्या घरमालकांचा खाक्या सोपा होता: रिकाम्या खोलीत ज्याचं सामान आधी शिरेल, खोली त्याची. पहिल्या मजल्यावरचे गाण्याचे मास्तरही टपून होते. आत्याने खोली रिकामी व्हायचीसुद्धा वाट पाहिली नाही.

"काका, दोन दिवस माझं टेबल ठेवते हं इथे. वर रंग काढायचाय."

टेबलामागून इस्त्री आली, गाठोडी आली, मग आत्याच येऊन बसली. चहा खालीच होऊ लागला. काकांचे शर्ट फुकटात कडक झाले. मास्तर एकदा डोकावले आणि तोंड पाडून परत गेले.

शेवटी आत्या काकांची ट्रंक भरायला बसली.

"राहू दे," काका म्हणाले. "लेकीला नाही म्हणून कळवलंय. इतक्या वर्षांनी या खोलीत कुणीतरी बडबडतंय. आता कशाला जाऊ?"

आत्या मटकन गाठोड्यावर बसली. ज्याला काढायला गेली होती, तो माणूस तिनेच पक्का रुजवला होता. मला हसू आवरेना, पण तिचा चेहरा पाहून वाईटही वाटलं. गुडघे चोळत ती पहिल्यांदा खरं बोलली, "काका, मला जिना होत नाही हो."

"मग तू खाली राहा, मी वर जातो. माझे पाय धड आहेत. दिवसभर इथेच येऊन बसेन. विचारलं असतंस तर पहिल्याच दिवशी हो म्हणालो असतो."

काका तोंड धुवायला गेले आणि येऊन बघतात तर त्यांची गादी गायब. त्यांचा विचार बदलायच्या आत आत्या ती डोक्यावर घेऊन जिना चढत होती. दुसऱ्या मजल्यावर पोचल्यावर तिला गुडघे आठवले.