नवसाच्या गाडीचं जळकं नाक

आबुंदिओ रोकाबादो कधी शाळेत शिकवायला गेले नाहीत, तरी सगळं किल्याकोल्यो गाव त्यांना मास्तर म्हणतं. आमच्याकडे हातात स्टिअरिंग किंवा पाना असलेला प्रत्येक माणूस मास्तरच असतो. एकतीस वर्षं त्यांनी कोचाबाम्बा ते किल्याकोल्यो वडाप केलं, तेही दुसऱ्यांच्या गाड्यांवर. गाडी बंद पडली की रस्त्याकडेला पोतं अंथरायचं आणि स्वतःच खाली शिरायचं, ही त्यांची रीत. रविवारी मिस्साला निघताना ते लिंबानं नखं घासत, पण ग्रीस काही निघत नसे. प्रभुभोजन घेताना ते हात पाठीमागे लपवत आणि जीभ पुढे करत.

स्वतःची गाडी मिळाली तेव्हा ते साठ वर्षांचे होते, आणि ती त्यांना आईनं दिली. आई म्हणजे उर्कुपिन्याची मारियामाता. ऑगस्टात तिच्या टेकडीवर जाऊन त्यांनी रीतीप्रमाणे पहारीनं दगड फोडला, तळहाताएवढी निळी खेळण्यातली गाडी विकत घेतली, तिच्यावर फादरकडून पवित्र पाणी शिंपडून घेतलं आणि नवस बोलले: खरी मिळाली तर तीन वर्षं तुझ्या मिरवणुकीत चांदीनं मढवून आणीन. वर्षाच्या आत खरी निळी गाडी दारात उभी राहिली. बँकेचं कर्ज होतं, मेहुण्याची मदत होती, हे सगळं खरं. पण त्याच बँकेनं त्याआधी दोनदा परत पाठवलं होतं, हे मास्तर कुणालाही आठवणीनं सांगत.

दोन वर्षं सुरळीत पार पडली. तिसरं राहिलं होतं. आईचा नवस शेवटच्या वर्षी चुकला तर दिलेलं परत जातं, आणि जाताना घरातलं आणखी काहीतरी ओढून नेतं, हे आमच्याकडे शाळेत न जाणारं पोरही सांगेल. त्यामुळे चौदा ऑगस्टला गाडी मिरवणुकीत असायलाच हवी होती, आणि मास्तरांच्या मते ती धडधाकट असायला हवी होती.

जुलै संपता संपता डावीकडे वळताना पुढच्या चाकाशी ठकठक सुरू झाली. मास्तरांनी लगेच पोतं काढलं.

"ते गुंडाळून ठेव," त्यांची बायको फेलिसा म्हणाली. "गॅरंटी आहे गाडीला. तू एक स्क्रू सैल केलास तर कंपनी हात वर करेल."

"मला आवाजावरून कळतंय काय झालंय ते."

"तुला कळतंय, पण कंपनीच्या कागदाला कळायला हवं ना! शोरूमला ने मुकाट्यानं."

गुरुवारी, एकतीस जुलैला, सकाळी नऊला मास्तर शोरूमच्या काचेच्या दारातून आत शिरले. काउंटरवर लिसेथ नावाची मुलगी होती. तिच्यापुढे एक कागद होता आणि त्यावर गाडीचं चित्र छापलेलं होतं.

"गाडीवर आधीचे काही ओरखडे, मास्तर?"

"अकरा."

"अकरा? मोजलेत?"

"तुम्ही लिहा, मी सांगतो. मागच्या डाव्या दारावर तांदळाच्या दाण्याएवढा टवका. आरशाखाली एक, हा माझ्याच अंगठीचा. डिकीच्या कडेला दोन, शेजारणीच्या बोकडाचे..."

लिसेथ फुल्या मारत गेली. "मास्तर, फादरपुढे कबुलीजबाबाला बसल्यासारखं सांगताय. बंपर?"

"बंपर कोरा. तिच्या नाकाला अजून काही लागलेलं नाही."

तिनं तेही लिहिलं. मग मास्तरांनी किल्ली दिली, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांची गाडी त्यांना न घेता आत गेली. काचेपलीकडे जायला मनाई होती. भिंतीवर पाटी होती: आत धूम्रपान, आग, धूप सक्त मना. पाटी नवी होती. नवा मॅनेजर सांताक्रूझकडचा, सखल मुलखातला माणूस, आणि त्याला आमच्या डोंगरातल्या धुराचं वावडं होतं. काचेआड साबिनो मेकॅनिक दिसला. तो फेलिसाच्या गावचा, क्लीसाचा. मास्तरांनी हात हलवला, त्यानंही हलवला. जरा बरं वाटलं.

सोमवारी, चार ऑगस्टला, दुपारी फोन आला. मास्तर गेले, आवारात एक फेरी मारली, डावीकडे वळून पाहिलं. ठकठक गेली होती. त्यांना इतका आनंद झाला की ते काचेआडच्या साबिनोला सलाम ठोकायला निघाले. पण गाडीभोवती एक चक्कर मारायची जुनी सवय. चक्कर मारता मारता ते पुढे आले आणि थांबले.

बंपरची खालची कड डावीकडून वितळून लोंबत होती, उन्हात धापणाऱ्या कुत्र्याच्या जिभेसारखी. वर रंगाला फोड आले होते. मास्तर गुडघ्यावर बसले. वितळलेल्या कडेत गुलाबी रंगीत कागदाची एक टिकली अडकून बसली होती. त्यांनी नाक जवळ नेलं आणि हुंगलं.

कोआ! रानातला वासाचा पाला, साखरेच्या रंगीत वड्या आणि लामाची चरबी यांचा मिळून जो वास येतो तो. महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी घरोघरी, दुकानोदुकानी निखाऱ्यांवर हा कोआ जाळतात, की धरणीमाय जेवली. ऑगस्टात तर ती तोंड उघडूनच बसलेली असते, म्हणून ऑगस्टातला शुक्रवार सगळ्यात मोठा. पण इथे? त्या पाटीखाली?

"ताई," ते लिसेथला म्हणाले, "हे काय आहे?"

लिसेथ बाहेर आली, वाकली, सरळ झाली. "हे आधीचंच असेल, मास्तर."

"कागद काढा."

तिनं कागद काढला. बंपरपाशी तिच्याच अक्षरात 'कोरा' होतं. ती आत गेली. मग एक टाय लावलेला तरुण आला, म्हणाला, रस्त्यावरचा दगड लागला असणार. दगड लागून प्लास्टिक वितळतं का, असं मास्तरांनी विचारल्यावर तो निघून गेला. मग खुद्द मॅनेजर आला.

"ऊन, काका. तुमच्याकडचं डोंगरावरचं ऊन फार कडक."

"साहेब, एकतीस वर्षं या उन्हात गाडी हाकलीय. ऊन वरून पडतं. हे खालून जळलंय."

"मग इंजिनची उष्णता."

"आणि ही गुलाबी टिकली? इंजिनात पार्टी होती का?"

मॅनेजरनं टिकली बघितली. त्याला ती कशाची ते कळलं नाही, पण काहीतरी आहे एवढं कळलं. तो म्हणाला, "लेखी तक्रार द्या. चौकशी होईल. माझ्या माणसानं केलं असेल तर तो कामावर राहणार नाही आणि तुम्हाला नवा बंपर मिळेल. मात्र गाडी पुरावा म्हणून इथेच राहील. वीस तारखेपर्यंत. नाहीतर 'गाडी सुस्थितीत मिळाली' असं लिहून सही करा आणि आत्ता घेऊन जा."

मास्तरांनी बोटांवर मोजलं. वीस म्हणजे मिरवणुकीनंतर सहा दिवस. नवस बुडाला. आणि सही म्हणजे खोटं, तेही आईच्या महिन्यात. "उद्या सांगतो," म्हणून ते बसनं घरी आले. बसच्या ड्रायव्हरनं गिअर चुकीचा टाकला, तेही त्यांच्या ध्यानात आलं नाही.

घरी फेलिसा बटाटे सोलत होती. मास्तरांनी सगळं सांगितलं: टिकली, वास, ऊन, इंजिन. बोलता बोलता त्यांनी पाहिलं की ती सालीबरोबर अर्धा बटाटा काढत होती. चाळीस वर्षं त्या बाईनं काढलेली साल इतकी पातळ असायची, की आरपार उजेड दिसे.

"फेलिसा."

"काय?"

"शुक्रवारी तू कुठे गेली होतीस?"

"बाजारात."

"बाजारातून कुठे?"

तिनं सुरी खाली ठेवली. "वर्षातला सगळ्यात मोठा शुक्रवार, नवसाचं शेवटचं वर्ष, आणि गाडी परक्याच्या छपराखाली उपाशी! मला राहवेना. मागच्या फाटकाशी गेले. साबिनोला म्हटलं, अरे, तू आमच्या गावचा. एवढी पुडी तिच्यासाठी जाळ."

"आणि तो हो म्हणाला?"

"नाहीच म्हणत होता. ती पाटी, तो साहेब, सगळं सांगितलं त्यानं. मी म्हटलं, तुझ्या आजीनं हे ऐकलं असतं तर चिचा दारूचं मडकं तुझ्याच डोक्यावर फोडलं असतं. मग घेतली त्यानं. साहेब जेवायला गेल्यावर मागच्या अंगणात, म्हणाला."

"पण पुडीनं बंपर वितळत नाही, बाई. पुडी धुमसते."

फेलिसा पुन्हा बटाट्याकडे बघू लागली. "चरबी दुप्पट घातली होती. वर्ष नवसाचं, म्हणून."

नंतर साबिनोकडून कळलं ते असं: त्यानं निखाऱ्यांचं भांडं गाडीच्या नाकाखाली सरकवलं, म्हणजे धूर सगळ्या इंजिनातून फिरेल. मूठभर रंगीत टिकल्या उधळल्या. तेवढ्यात भोंग्यावरून त्याचं नाव पुकारलं आणि तो आत पळाला. दहा मिनिटांनी आला तेव्हा चरबीनं जाळ धरला होता.

त्या दिवशी मास्तर जेवले नाहीत. त्यांना रागावायचं होतं, पण कुणावर ते ठरेना. साबिनोवर? त्यानं तर ठकठक काढली होती, आणि धरणीमायला जेवू घातलं होतं. फेलिसावर? तिनं नवस जपला होता. कंपनीवर? तिनं तर मनाईच केली होती. आणि या सगळ्यापेक्षा मोठा घोळ वेगळाच होता.

"मला एवढंच सांग," ते म्हणाले, "तिनं घेतलं, की झिडकारलं?"

"कुणी?"

"धरणीमायनं. नैवेद्यानं गाडी जळली. याचा अर्थ काय? भूक होती म्हणून तिनं घास घेतला? की गाडी नको म्हणून थोबाडीत मारली?"

"घास," फेलिसा म्हणाली. मग ताटं आवरत म्हणाली, "बहुतेक."

"आणि ही आता घासभर उष्टी झालेली गाडी मी आईपुढे न्यायची?"

"ते मला काय विचारतोस, म्हाताऱ्या? फादरना विचार."

फादरनी आधी धरणीमायचा विषय निघाल्याबद्दल भुवया उंचावल्या, मग म्हणाले की मारियामाता बंपर बघत नाही, मन बघते. मास्तरांना ते पटलं. पण मन तर त्याहूनही जास्त गोंधळलेलं होतं.

मंगळवारी ते शोरूमला गेले. मॅनेजरनं दोन कागद पुढे ठेवले. एक तक्रारीचा, एक सहीचा. काचेआड साबिनो चिंधीनं हात पुसत उभा होता. एकच बोट तो पुसत होता, पुन्हा पुन्हा.

मास्तरांनी खिशातून चष्मा काढला. तक्रारीचा कागद बाजूला सारला. दुसऱ्या कागदावर छापलं होतं, 'गाडी सुस्थितीत मिळाली.' त्यातला 'सुस्थितीत' हा शब्द त्यांनी आडवी रेघ मारून खोडला आणि खाली सावकाश, ठळक अक्षरांत लिहिलं: 'ठकठक गेली. नाक जळलं. कुणामुळे ते मला ठाऊक आहे, तो माझ्या घरचा प्रश्न आहे. कंपनीबद्दल माझी तक्रार नाही.' आणि सही केली.

मॅनेजरनं ते दोनदा वाचलं. "घरचा प्रश्न? काका, गाडी तर आमच्याकडे होती."

"तेच तर," मास्तर म्हणाले.

लिसेथनं कागदावर शिक्का मारला आणि चेहरा फाइलमागे लपवला. मास्तरांनी किल्ली उचलली.

चौदा ऑगस्टला पहाटे पाचला गाडी सजवायला घेतली. रंगीत विणलेली कापडं शिवून टपावर, बॉनेटवर ताणली. त्यांवर भाड्यानं आणलेली चांदीची ताटं, चमचे, पेले टाके घालून बसवले. काचेत फक्त हातभर फट ठेवली, चालवणाऱ्याला बघायला. शेवटी फेलिसानं एक कापड बंपरवर ओढलं.

"झाकू?"

मास्तरांनी कापडाची कड हातात धरली. "झाकलं तर लपवल्यासारखं होईल. नाही झाकलं तर मिरवल्यासारखं होईल."

"म्हणजे झाकू की नको?"

"मला कळत नाहीये, फेलिसा."

तिनं कापड अर्धंच ओढलं.

मिरवणूक माणसाच्या चालीनं निघाली. फटीतून मास्तरांना समोरच्या नाचणाऱ्यांच्या टाचा तेवढ्या दिसत. चौकात गर्दीनं गाडी थांबली. बघ्यांच्या रांगेतून एक म्हातारी पुढे आली आणि जळक्या कडेकडे वाकून बघू लागली.

"काय हो, हे कसलं?" तिनं शेजारून चालणाऱ्या फेलिसाला विचारलं.

"कोआनं जळलं," फेलिसा खरं तेच बोलली. "पहिल्या शुक्रवारी."

म्हातारीनं दोन बोटं त्या वितळलेल्या प्लास्टिकला लावली, कपाळाला, छातीला आणि खांद्यांना नेऊन क्रूसाची खूण केली. तिच्यामागच्या बाईनं पाहिलं आणि तेच केलं. मग एका बापानं मुलीला उचलून तिचा हात टेकवला. चर्च येईपर्यंत किती हात लागले ते मोजायला मास्तरांना दिसत नव्हतं. त्यांनी फटीतून ओरडून सांगायचं ठरवलं की बाबांनो, हे साधं प्लास्टिक आहे, बायकोनं चरबी जास्त घातली. पण बँड वाजत होता. आणि ते खरोखर साधं प्लास्टिक आहे का, याचीही त्यांना आता खात्री राहिली नव्हती.

चर्चपुढे गाडी उभी करून ते उतरले आणि आईसमोर गुडघे टेकले. परत आले तेव्हा फेलिसा ताटं मोजून टोपलीत ठेवत होती.

"फिटला नवस," ती म्हणाली. "तीन वर्षं झाली."

"पुढच्या वर्षीही आणू."

"तीनच बोलला होतास."

"हो. पण हे तिसरं धरलं की नाही, ते विचारलं मी तिला."

"मग? काय म्हणाली?"

मास्तरांनी वाकून एक चमचा उचलला आणि टोपलीत टाकला. "नुसती बघत होती," ते म्हणाले. "आणू पुढच्या वर्षीही."