कूलरच्या आडून

गोविंदराव रेल्वेत गार्ड. मूळचे साताऱ्याचे, बदलीने जयपुरात आले आणि पंधरा उन्हाळ्यांत इथलेच झाले. मालवीय नगरातल्या त्यांच्या दोन खोल्यांमध्ये नुसता पडदा, त्यामुळे नवरा-बायकोचं नाजूक बोलणं कूलरच्या आडून चाले. ते पत्र्याचं धूड घरघरू लागलं की पलीकडे लेकीच्या, सईच्या खोलीत अक्षर जात नसे.

२००६च्या एप्रिलमध्ये सुमित्राबाईंच्या छातीत गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन लगेच करा.

"सईची मेडिकलची प्रवेश परीक्षा होऊ द्या," बाई म्हणाल्या. "दीड महिन्यानं काय बिघडतंय? आणि तिला कळता कामा नये."

गोविंदरावांनी मान डोलावली. बायकोला नाही म्हणणं त्यांना कधी जमलंच नव्हतं. मनातून मात्र ते पार हादरले होते.

तशात कूलरच्या आवाजात अभ्यास होत नाही म्हणून सई कुरकुरली. निदान एवढं तरी आपल्याला करता येईल, म्हणून ते हेडफोन आणायला गेले. दुकानदाराने दोन दाखवले. एक नुसता कान झाकणारा, दुसरा बॅटरीवर बाहेरचा आवाज मारणारा. दुसऱ्याचं बटण दाबताच फुटपाथवरचा जनरेटर गडप! गोविंदराव हरखले.

"भाईसाहब, मशीन की घरघर दबेगी, बातचीत नहीं," दुकानदार म्हणाला. हेडफोन कानावर असूनही त्यांना शब्द न् शब्द ऐकू आला. डोक्यात मात्र शिरला नाही.

तो दुसरा हेडफोन सईच्या कानांवर चढला, आणि आता हिला काहीच ऐकू जात नाही म्हणून घरी दोघं नवरा-बायको निर्धास्त झाली. आता तर आवाजही खाली आणेनात.

"अहो, गाठ वाढल्यासारखी वाटते."

"एवढे दिवस काढ गं."

सईचं पुस्तक रोज त्याच पानावर उघडं असे. धडा अवघड असेल, असं गोविंदरावांना वाटे.

नवव्या दिवशी दुपारी ते तिला चहा द्यायला गेले. सईने हेडफोन काढून त्यांच्या कानांवर चढवला. कूलर नाहीसा झाला. पडद्याआड सुमित्राबाई बहिणीशी फोनवर बोलत होत्या. "नाही गं, पोरीला काहीच माहीत नाही."

गोविंदरावांनी हेडफोन काढून त्या उघड्या पुस्तकावर ठेवला.

"बाबा, मतलब... परीक्षा पुढच्या वर्षी पण असते," सई म्हणाली.

ते वळले. जाऊन त्यांनी कूलर बंद केला आणि बायकोला म्हणाले, "बॅग भर. उद्या दवाखान्यात जायचं." डॉक्टरांनी लगेच म्हटल्याला त्या दिवशी सव्वीस दिवस झाले होते.