चौथी मिरची

"एम्मी मैम्यालू चंद काणतैती, नोड्री."

म्हशीच्या अंगावरसुद्धा शोभते, बघा. सावकार, म्हणजे आमचे दुकानमालक, असं म्हणाले आणि माझ्या खांद्यावरचा पदर त्यांनी गिऱ्हाइकांसमोर झटकून सारखा केला.

हुबळीच्या कोप्पीकर रोडवरचं साड्यांचं दुकान. लग्नाचा बस्ता बांधायला गदगकडून आलेली बारा-पंधरा माणसं गादीवर बसलेली. नवरीच्या आत्याला एक मोरपंखी साडी आवडली होती, पण ती अंगानं भरलेली, आपल्याला ही शोभणार नाही असं तिचं म्हणणं. सावकारांनी मला हाक मारली, "दप्पक्का, बा इल्ली." कन्नडात दप्प म्हणजे जाड. जाडी अक्का. हेच माझं दुकानातलं नाव. मी गेले. माझ्या युनिफॉर्मच्या साडीवर त्यांनी ती मोरपंखी गुंडाळली आणि वरचं वाक्य बोलले. आख्खी गादी हसली. आत्याबाई हसल्या. साडी खपली.

आणि मी पण हसले. हे सगळ्यात आधी सांगते, कारण ते मला अजून गिळता येत नाही.

साडी अंगावर लावून दाखवायची या धंद्यात रीतच आहे. दुकानात आम्ही सात बायका. बारीक अंगाच्या पोरींवर पैठणी, कांजीवरम. माझ्यावर जाड बायकांसाठीच्या. त्या मोरपंखी साडीनंतर ते माझं कामच झालं. दिवसातून चार-पाच वेळा हाक यायची, मी जाऊन उभी राहायची, सावकार तेच वाक्य टाकायचे. कधी म्हैस, कधी पिंप, कधी देवळातली हत्तीण. गिऱ्हाईक खूश. आपल्यापेक्षा जाड कुणी दिसलं की बाईला साडी आवडते, हे त्यांनी बरोबर ओळखलं होतं.

माझे वडील, अप्पा, अमरगोळच्या मार्केट यार्डात हमाल होते. जन्मभर मिरच्यांची आणि शेंगांची पोती त्यांनी पाठीवर वाहिली. लहानपणी माझ्या बरगड्या मोजता यायच्या. तिशीनंतर अंग सुटलं, तेव्हा अप्पांनाच काय ते बरं वाटलं. विहारात कुणी भेटलं की ते मला पुढं करायचे आणि म्हणायचे, बघा, माझी लेक आता खात्यापित्या घरची दिसते. ते गेले तेव्हा त्यांच्या लेखी मी सुखात होते. नवरा अपघातात गेल्यावर मी आईकडे आणि भावाकडे परत आले. भावाला आम्ही अण्णा म्हणतो, तो टेम्पो चालवतो. त्या घरातून मी दुकानात जायची.

एका वर्षी मी चौदा एप्रिलला जयंतीची सुट्टी मागितली. सुट्टी मिळाली. तोवर माझ्या आडनावावरून सावकारांना काही कळलं नव्हतं, त्या दिवशी जात कळली. दुसऱ्या दिवसापासून सगळ्यांना चहा काचेच्या पेल्यात आणि मला कागदी कपात. का, ते मी विचारलं नाही.

दहा तास उभं राहून गुडघे गेले. मग शुगर निघाली. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंनी गोळ्या दिल्या, चालायला सांगितलं, खाण्याचा कागद दिला. म्हणाल्या, वजन कमी करण्याचं ऑपरेशन हाही एक मार्ग आहे, घाई नाही, विचार करा.

मला ते हवं होतं. खोटं कशाला बोलू. त्या हाकेपासून सुटका हवी होती आणि सुटकेची वाट माझ्या पोटातून जाते असं मला वाटायचं. एका रविवारी घरी कुणी नसताना मी लाटणं घेऊन स्वतःच्या पोटावर मारलं. चार-पाच वेळा, दात आवळून. निळं झालं. दुकानात ब्लाउजपीस कापायची मोठी कात्री हातात आली की डोक्यात भलतंच चालायचं. आधी ती कात्री माझ्या पोटावर चालायची. मग कधीतरी मनातल्या मनात ती सावकारांच्या जिभेवर चालायला लागली. त्या विचारानं मला भीती वाटायची आणि मजाही यायची.

त्यात दुकानाचा नवा मजला तयार झाला. सगळा आरशांचा. सावकारांची सून पुण्याची, मराठी बोलणारी. आम्ही तिला मॅडम म्हणायचो. दुकानाचे व्हिडिओ तीच काढायची. तिच्या भावानं हुबळीतच वजन कमी करायचा दवाखाना काढला होता. तिनं मला बोलावून सांगितलं की तुझं ऑपरेशन फुकट करू, त्याच्या बदल्यात ऑपरेशनच्या आधीचे आणि नंतरचे व्हिडिओ आम्ही काढणार. दवाखान्याचंही नाव होईल, दुकानाचंही. सावकारांनी पुढचं सांगितलं. नव्या मजल्यावर जाड बाई चालणार नाही. ऑपरेशन करून घे, नाहीतर गोडाऊनला जा, गोडाऊनलाही दोनच महिने, मग काम बंद.

मॅडमच्या भावानं मला तपासलं म्हणायचं तर माझ्या पोटावर पेनानं रेघा मारल्या. आतल्या जठराचा मोठा भाग कापून काढायचा, उरेल ते केळ्याएवढं, असं तो मॅडमला सांगत होता, मला नाही. शुगरचं त्यानं विचारलंसुद्धा नाही. समोर कागद ठेवला. मी सही केली. घरी आई म्हणाली की देवासारखी माणसं आहेत. आमच्या घरात देव नाही, तरी म्हणाली.

सही केल्याच्या दुसऱ्या दिवशीची गोष्ट. दुकानातली एक बाई सोडून गेली होती, तिच्या जागी रेणुका नावाची नवी बाई लागली होती. बी.कॉम. झालेली, बारीक, रंगानं काळी. गिऱ्हाइकात एक सावळी मुलगी होती, तिला पिवळी साडी घ्यायची होती आणि ती कचरत होती. सावकारांनी रेणुकाला हाक मारली. तिच्या अंगावर पिवळी साडी टाकली आणि म्हणाले, तव्यावर टाकली तरी उठून दिसते. गिऱ्हाईक हसलं. रेणुका हसली. ते हसू मी ओळखलं. माझंच होतं.

मी कात्री घेऊन उभी होते. मला वाटलं, माझं पोट केळ्याएवढं करतील, पण हिची कातडी कुठल्या दवाखान्यात काढणार? आणि मी उद्या बारीक झाले तर मला काय म्हणतील? काहीतरी म्हणतीलच. कागदी कप काही माझ्या पोटामुळं आलेला नव्हता. इतकं सगळं कळलं, तरी गुरुवारी मी व्हिडिओला गेलेच. कळणं आणि वळणं यात अंतर असतं, तेवढं अंतर मी चालून गेले.

नव्या मजल्यावर भर दुपारी दिवे लावलेले. मधे टेबल. टेबलावर ताटभर मिरचीभजी आणि गिरमिट, म्हणजे आमच्याकडचे मसाल्याचे चुरमुरे. गाड्यावरून गरम आणलेलं. मॅडमनं फोन स्टँडला लावला. बाकीच्या सहाही बायकांना टाळ्या वाजवायला वर बोलावलं होतं. आधीची बाई कशी होती ते लोकांना दिसायला पाहिजे, म्हणून मी खायचं, असं ठरलेलं.

पहिली मिरची मी नीट खाल्ली. सकाळपासून उपाशी होते. मॅडम म्हणाली, असं नको, तोंड भरून खा. दुसरी तोंड भरून खाल्ली. तेल हनुवटीवर आलं, पुसायला पदर घेतला तर म्हणाली पुसू नकोस. तिसरी जहाल निघाली. नाकाडोळ्यांतून पाणी. मॅडम खूश झाली, म्हणाली हे छान आलंय, रडतेय असं वाटतंय. मागं कुणीतरी खुसखुसलं.

चौथी मी उचलली तेव्हा ती म्हणाली,

"जरा अधाशासारखी खा ग. तुमच्यात खातात तसं."

तुमच्यात.

अप्पा यार्डातून यायचे. शंभरेक पोती वाहून आलेले. हातपाय धुवायचे, मांडी घालून बसायचे, भाकरीचा तुकडा मोडायचे बोटाच्या पेराएवढा. चटणीला लावून सावकाश चावायचे. पोटात आग असणार. तरी अर्धी भाकरी आमच्यासाठी ठेवून उठायचे. त्यांच्याइतकं सावकाश जेवणारं माणूस मी दुसरं पाहिलं नाही. आमच्यात असं खातात.

मी उठले. टेबल आडवं झालं, गिरमिट सगळीकडं सांडलं. मी मॅडमचा जबडा डाव्या हातानं धरला. गाल मऊ होते. तिनं किंचाळायला तोंड उघडलं आणि मी ती चौथी मिरची आत कोंबली. देठासकट. वरून तळवा दाबून धरला.

"खा. आमच्यात खातात तसं खा."

ती हात मारत होती, नखं लावत होती. मी सोडलं नाही. माझं सगळं वजन मी त्या हातावर टाकलं. आयुष्यात पहिल्यांदा ते माझ्या उपयोगाला आलं. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, नाकातून आलं, तेव्हा सोडलं. तिनं ती मिरची जमिनीवर थुंकली आणि खोकत बसली. तोवर वॉचमन वर आला होता. त्यानं माझा हात मागं पिरगाळला. सावकारांनी माझ्या तोंडावर दोन दिल्या, तिसरी द्यायला हात उचलला तो मी दातांत धरला. रक्ताची चव आली. जिन्यावरून मला ओढत खाली आणलं. साडी फाटली. गिऱ्हाइकं बघत होती.

मला पश्चात्ताप झाला का, असं नंतर विहारातल्या बायकांनी विचारलं. झाला नाही.

पोलीस ठाण्यात सावकारांनी साहेबांना व्हिडिओ दाखवला. अर्धाच. माझा हात मॅडमच्या तोंडावर येतो तिथून पुढचा. मग माणसं मधे पडली. सोमवारपर्यंत वेळ दिला. कागद तयार करून ठेवला होता. मी मॅडमची माफी मागायची, तीही कॅमेऱ्यासमोर. माझं डोकं ठिकाणावर नव्हतं असं म्हणायचं. मग ते तक्रार मागं घेणार, ऑपरेशनही ठरल्याप्रमाणे करणार. लठ्ठपणामुळं माणूस चिडचिडं होतं, असं मॅडमचा भाऊ साहेबांना समजावत होता.

घरी अण्णा म्हणाला, "सही कर आणि सूट. कोर्टात कोण फिरणार?" आई म्हणाली की माफी मागून काय अंगाला भोकं पडतात, गुडघे तुझे आहेत, रडत तूच बसतीस, फुकटचं कशाला सोडतीस. आईचं खोटं नव्हतं. जिना चढताना मी रडते, हे तिनंच पाहिलेलं आहे.

शनिवारी मी सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंकडे गेले. पोटावर अजून त्या रेघांचे डाग होते. त्यांना सगळं सांगितलं, हाताला चावलेलंसुद्धा. मग विचारलं की ऑपरेशन केलं नाही तर मी मरेन का.

त्यांनी रिपोर्ट पुन्हा बघितले. म्हणाल्या, "तसं काही नाही. शुगर सांभाळावी लागेल, दर तीन महिन्यांनी यावं लागेल. ऑपरेशनचा फायदा होतो, पण नंतर जन्मभर खाणं सांभाळायचं, गोळ्या घ्यायच्या. ते ज्याचं त्यानं ठरवायचं असतं." मग माझ्या पोटावरच्या रेघा त्यांनी स्पिरिटच्या बोळ्यानं पुसून काढल्या. मी सांगितलं नव्हतं. मला तिथं रडू आलं, मोठ्यानं.

सोमवारी ठाण्यात गेले. सावकार, मॅडम, तिचा भाऊ, अण्णा, सगळे बसलेले. साहेबांनी माफीचा कागद पुढं सरकवला. कन्नडात होता. मी बारावीपर्यंत कन्नडातच शिकले. शेवटपर्यंत वाचला, फाडला नाही, परत दिला आणि कोरा कागद मागितला.

पहिली ओळ माझ्या गुन्ह्याची लिहिली. मी तिच्या तोंडात मिरची कोंबली, सावकारांच्या हाताला चावले. मग बाकीचं. म्हैस, पिंप, हत्तीण, जसं बोलले तसं, त्यांच्याच भाषेत. कागदी कप. मॅडमचं वाक्य. खाली लिहिलं की फोन जप्त करा, व्हिडिओ पहिल्यापासून बघा. सहा बायका हजर होत्या, त्यांची नावं दिली.

साहेब वाचून म्हणाले, "हे दिलंस तर तुझ्यावर पण केस होणार."

"होऊ दे. दोन्ही नोंदवून घ्या."

ऑपरेशनच्या कागदावरची माझी सही रद्द, असं मी त्याच टेबलावर लिहून दिलं. अण्णा उठून बाहेर गेला. तो महिनाभर माझ्याशी बोलला नाही.

आता दोन केस चालू आहेत, एक त्यांच्यावर, एक माझ्यावर. सहापैकी सहाही बायका म्हणाल्या, आम्ही काही पाहिलं नाही. रेणुकासुद्धा. ती अजून तिथंच आहे. तिला मी दोष देत नाही. देते, थोडा देते. मी मळमड्डीत एका शिकवणीच्या वर्गात कागदपत्रं बघते. दोन्ही तारखांना जाते, कोर्टाचा जिना थांबत थांबत चढते.

पोट जसंच्या तसं आहे. गोळ्या घेते, सकाळी चालते. त्यांच्या हातची सुरी या पोटाला लागणार नाही. आज मला ते ऑपरेशन नको आहे. उद्या हवं वाटलं तर मी माझ्या पायांनी डॉक्टरबाईंकडे जाईन, कुणाला दाखवायला नाही, कुणाची भीती म्हणून नाही. तोवर या पोटाकडे कुणी बोट दाखवलं तर मी ते बोट मोडीन.