डाव्या हाताचं तोरण

माझं लग्न ठरलं तेव्हा आनंदापेक्षा शीणच जास्त होता. चिकलठाण्याच्या कारखान्यात दिवसभर टाइपरायटर बडवायचा, बसनं उस्मानपुऱ्यात यायचं आणि चपला काढायच्या आत आईचं सुरू, "रुखवतात मांडायला तुझ्या हातचं काय हाय?" काहीच नव्हतं. मी डावखुरी. लहानपणापासून डाव्या हातानं काही धरलं की आईची चापट बसायची, म्हणून विणकामाच्या वाटेलाच कधी गेले नाही. पाहुणे बघायला आले तेव्हा तिनं मला बजावून ठेवलं होतं, चहा उजव्या हातानंच द्यायचा. सासरच्यांना कळलं तर मोडतील, हीच तिची धास्ती.

शेवटी तिनं मला शेजारच्या मुसलमान मावशीकडं, आमच्या खालाकडं धाडलं, क्रोशाचं स्वस्तिकाचं तोरण शिकायला. निजामाचं राज्य गेलं त्या पोलीस ॲक्शननंतर खालाचे भाऊ कराचीला गेले, ही इथंच राहिली. तिच्याकडं चापट मारणारं कुणी नव्हतं. मी सुई डाव्या हातात घेतली. तिनं बघितलं आणि दोरा पुढं केला.

आधी साखळी. मग एक खांब, म्हणजे उंच उभा टाका, दोन साखळ्या, खालचे दोन टाके सोडून पुन्हा खांब. हे झालं रिकामं घर. साखळ्यांच्या जागी खांबच घातले की घर भरलं, आणि भरलेल्या घरांची नक्षी उठते. एवढंच तर होतं! पण माझी बोटं आखडायची, घरं तिरपी व्हायची. "ढीला छोड़ बेटा, धागा भागके नै जाता कईं," खाला म्हणायची. चौकटीच्या कागदावरून ती घरं वाचायची, मी घालायची. काय उठतंय ते बघायचंही त्राण नसायचं.

तोरण झालं. आईनं उलगडलं आणि ओरडलीच, "अगं बया! उलटं स्वस्तिक! लग्नघरात!" खाला उजव्या हाताच्या हिशेबानं वाचत होती, मी डावीकडून विणत गेले होते, म्हणून नक्षी आरशातल्यासारखी उलटी उठली. खालाला स्वस्तिकाचं काय ठाऊक असणार?

"डावरा हात लावलास नव्हं? उसव सगळं. उजव्यानं कर."

मी भिंतीला टेकून खाली बसले आणि रडले. स्वस्तिकासाठी नाही. ज्या हातानं मला जमतं तोच लपवून लपवून मी थकले होते. "आता नाही होत गं माझ्यानं," मी म्हटलं. "मोडू दे लग्न."

रडणं ऐकून खाला आली. तिनं तोरण घेतलं आणि पालटून धरलं. स्वस्तिकं सुलटी.

"जाली है, बहन. इसकू उल्टी बाजूच नै रैती."

आई दोन्ही बाजू फिरवून फिरवून बघत राहिली. मग घडी घालून ट्रंकेत ठेवलं.

लग्नात सासूबाईंनी रुखवतातलं तोरण उचलून विचारलं, "हे कुणी केलं?" सवयीनं माझा डावा हात पदराखाली गेला. आईनं तो धरून बाहेर ओढला, सगळ्यांसमोर.

"माझ्या लेकीनं," ती म्हणाली. "ह्या हातानं. डावरी हाय ती."