मामंजींनी लिहिलेली किंमत

मी साताऱ्याची. नोकरीसाठी चेन्नईत आले, इथल्याच तंजावरी मराठी घरातल्या मुलाशी लग्न केलं, आणि आपलं मराठी बिघडलेलं आहे हे मला पहिल्यांदा सासऱ्यांकडून कळलं. "येणारे, जाणारे असें काय म्हणून बोलतेस, मुली? येणार आहे, असें पुरतें बोलायला दम लागतो काय?" हे सांगणारे गृहस्थ स्वतः दर वाक्याला दोन तमिळ शब्द टाकायचे, ते मात्र शुद्ध! घरातल्या रिवाजाप्रमाणे मीही सासऱ्यांना मामंजी म्हणू लागले.

मामंजी दस्तलेखक होते. गिंडीजवळच्या रजिस्ट्रार कचेरीसमोर पत्र्याच्या छपराखाली त्यांचं टेबल. खरेदीखत, वाटणीपत्र, बक्षीसपत्र, काय म्हणाल ते. आमच्या मागच्या दोन गल्ल्यांतलं एकही घर त्यांच्या हातून गेल्याशिवाय विकलं जात नसे. दस्ताच्या शेवटच्या पानावर 'लिहिणार' म्हणून त्यांची सही असायची, इतकी झोकदार की घर त्यांनीच विकलंय असं वाटावं.

त्यांची खरी कला होती किमतीत. घर ज्या भावाला गेलं त्याच्या जेमतेम तिसरा हिस्सा कागदावर यायचा, सरकारी दराला नेमका टेकवलेला. स्टॅम्प ड्यूटी वाचली की घेणारा खूश. तो दुसऱ्या दिवशी म्हैसूरपाकाचा डबा घेऊन हजर. सासूबाई म्हणायच्या, "यांना साखर झाली ती शेजाऱ्यांच्या स्टॅम्प ड्यूटीनें." मी एकदा म्हटलं, मामंजी, हे बरोबर नाही हं. ते म्हणाले, "अख्खें गांव करतें, मुली. सातारा काय वेगळा आहे?" सातारा वेगळा नाही हे मला ठाऊक होतं.

मग मेट्रोची नोटीस आली. स्टेशनचा जिना नेमका आमच्या घरावर उतरणार होता. गल्लीच्या तोंडाची, मुख्य रस्त्यालगतची चार घरं जाणार, त्यातलं एक आमचं. नवरा तेव्हा कंपनीच्या कामासाठी वर्षभर परदेशी, त्यामुळे कचेऱ्यांच्या खेपा माझ्याच गळ्यात पडल्या.

सासूबाईंच्या दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झाली होती. त्यांचं मागणं एकच: गल्ली सोडायची नाही. त्यांचं देऊळ, त्यांचा डॉक्टर, पालेभाजी विकणारी कीरैवाली, आणि चाळीस वर्षं जपलेली दोन भांडणं, सगळं त्या गल्लीत. योगायोगानं मागेच तळमजल्यावरच्या दोन खोल्या विकायला होत्या. भरपाई नीट मिळाली तर त्या घेता येणार होत्या, नाही तर शहराबाहेर जावं लागणार होतं. मामंजींनी त्या खोल्यांच्या मालकाला थांबवून ठेवलं. "कायदा मला पाठ आहे," ते छाती काढून म्हणाले. "आसपास गेल्या तीन वर्षांत जे दस्त झाले, ते बघून भाव ठरवतात. आणि आपल्या गल्लीचा भाव माझ्याहून जास्त कोणाला माहीत?"

त्यांच्या डोक्यात गल्लीचा खरा भाव होता. कागदावरचा भाव त्यांनी रोज लिहिला, पण तो कधी डोक्यात ठेवलाच नाही. आणि एवढी शहाणी मी, माझ्याही लक्षात आलं नाही.

मोजणीवाले आले तेव्हा तर घरात लग्नघरासारखी गडबड. सासूबाईंनी शेवग्याचं झाड, नारळ, कढीपत्ता, सगळं मोजायला लावलं. घराचं वय लिहिताना मोजणीवाल्यानं "जुनं आहे" म्हटलं, तर त्या भडकल्या. "तूं जुना नाहीस काय?" बिचाऱ्यानं मुकाट्यानं कॉफी प्यायली.

सुनावणीच्या दिवशी मामंजी इस्त्रीचं पांढरं धोतर नेसून निघाले. समोर अधिकारी म्हणून माझ्याहून लहान मुलगी बसली होती. तिनं दस्तांचा गठ्ठा पुढे ठेवला आणि एकेकाचं शेवटचं पान उलटायला लागली. दुसऱ्या-तिसऱ्या पानालाच ती झोकदार सही मी ओळखली. मामंजींचे कान लाल झाले.

"ऐया," ती तमिळमध्ये म्हणाली, अगदी मऊपणानं, "नऊ दस्त सापडले. आठ तुमच्या हातचे आहेत."

त्या दस्तांवरून निघालेला भाव तिनं सांगितला. त्यावर सरकार कायद्याप्रमाणे भर घालणार होतं, पण मूळच एवढंसं, त्यावर भर ती किती पडणार! तळमजल्याच्या खोल्या हातच्या गेल्या होत्या. "कमी वाटत असेल तर हरकत घ्या," ती म्हणाली. "दस्तातल्या किमती खऱ्या नव्हत्या असं लिहून द्या. मग मला हे आठही दस्त चौकशीला पाठवावे लागतील, आणि घेणाऱ्यांना दंडासकट ड्यूटी भरावी लागेल." मामंजींनी एक दिवस मागून घेतला.

संध्याकाळी मी इंग्रजीत हरकतीचा मसुदा केला. मामंजींनी चष्मा लावला, लाल पेन काढलं आणि माझ्या दोन चुका दुरुस्त केल्या. परिच्छेदांची जागा बदलली. "आतां कागद वाचण्यासारखा झाला," म्हणाले, आणि तो घडी करून माझ्या हातात परत दिला.

"म्हणजे काय? सही करा ना."

"आठ घरें आहेत, मुली. त्या नर्सबाईनें पेन्शन घालून घर घेतलें. लेथवाल्यानें बायकोचे दागिने विकले. किती दाखवूं म्हणून त्यांनीं मलाच विचारलें होतें. आतां मींच जाऊन त्यांना पकडून देऊं काय?"

मला भयंकर राग आला. खोटं लिहिताना हा विचार कुठे गेला होता? मी बोलूनही टाकलं, "आणि आईंच्या गुडघ्यांचं काय?" उत्तर स्वयंपाकघरातून आलं. "माझ्या गुडघ्यांना तुमच्या भांडणांत ओढूं नका!" आवाज चढा होता, पण रडवेला.

हरकत गेली नाही. तळमजल्याच्या खोल्या दुसऱ्या कुणी घेतल्या. आम्ही तांबरमच्याही पलीकडे एक फ्लॅट शोधला, जिथे समोर मोकळं मैदान, दोन म्हशी, आणि सासूबाईंशी भांडायला कुणीही नाही.

त्याच्या नोंदणीला आम्ही तिघं गेलो. दस्तलेखक तरुण होता, कॉम्प्युटरवाला. टाईप करता करता त्यानं सवयीनं आवाज खाली आणला. "ऐया, किंमत किती दाखवायची?"

"दिली तेवढी," मामंजी म्हणाले.

त्याला वाटलं, म्हाताऱ्याला कळत नाही. त्यानं खुर्ची पुढे ओढून समजावलं: स्टॅम्प ड्यूटी किती वाचेल, सरकारी दर कुठे आहे, सगळेच असं करतात. मामंजींनी ते सगळं व्याख्यान शांतपणे ऐकून घेतलं. त्यातला शब्द न् शब्द त्यांचाच होता. मला हसू आवरेना, आणि त्यांच्याकडे बघून वाईटही वाटत होतं.

"दिली तेवढी लिही, बाबा," ते पुन्हा म्हणाले.

नव्या स्वयंपाकघरासाठी बाजूला ठेवलेले पैसे स्टॅम्प ड्यूटीत गेले. परतीच्या टॅक्सीत सासूबाई पाय लांब करून मागे बसल्या होत्या. आता स्फोट होणार म्हणून मी जीव मुठीत धरून वाट बघत होते. मामंजी पुढच्या सीटवर काचेबाहेर बघत होते. तांबरम मागे पडलं तेव्हा कुठे त्या बोलल्या.

"बरें केलेंत. उद्यां तिथें सरकारनें कुणाचें घर घेतलें, तर आपल्या दस्तामुळें त्या बाईला तरी स्वतःच्या गल्लींत राहायला मिळेल."