गोड बोलण्याचे दिवस

आमच्या घरात सरळ बोलायची पद्धत नाही. भूक लागली तर ‘आज उपास आहे का?’ असं विचारायचं. मी मंडईतून किडकी वांगी आणली की बायको म्हणायची, “बरं झालं, आता आपण मांसाहारी झालो.” सदाशिव पेठेतल्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये आम्ही दोघं एकमेकांना टोमणे मारत वर्षानुवर्षं सुखानं राहत होतो. नवीन शेजाऱ्यांना वाटायचं, यांचं आता काही खरं नाही. आमचं उत्तम चाललं होतं.

मी निवृत्त झालो आणि पाठीनं डोकं वर काढलं. पाय बधिर व्हायला लागले, जिना उतरताना कठडा सोडवेना. मणक्याचं ऑपरेशन ठरलं. डॉक्टरांनी सगळे धोके सांगितले, त्यात शेवटी नजरेचंही सांगितलं. पालथं झोपवून लांबलेल्या ऑपरेशनात कधीकधी नजर जाऊ शकते, पण हे फार क्वचित होतं, असं ते म्हणाले. “पाठीबरोबर डोळे फुकट का?” बायकोनं विचारलं. डॉक्टर हसले. मीही हसलो. क्वचित म्हणजे दुसऱ्या कुणाला तरी, असाच अर्थ आपण घेतो.

शुद्धीवर आलो तेव्हा तोंड सुजलं होतं, घशाला कोरड पडली होती आणि सगळीकडे अंधार होता. शेजारी बायकोच्या बांगड्या वाजल्या.

“दिवे गेलेत का?” मी विचारलं.

“हो. बिल भरायचं विसरलात ना.”

“मग खिडकी तरी उघड.”

“उघडीच आहे. सूर्याला आत यायला सांगू का?”

मला वाटलं, सुजेमुळे पापण्या उघडत नसतील. हात उचलून चाचपलं. पापण्या उघड्या होत्या.

“अगं, मला खरंच दिसत नाहीये,” मी म्हणालो.

आमच्याकडे ‘खरंच’ असं कुणी म्हणत नाही. तिची खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

पुढे डोळ्यांचे डॉक्टर आले, तपासण्या झाल्या. डोळे ठीक आहेत, पण डोळ्यांकडून मेंदूकडे जाणाऱ्या नसांना ऑपरेशनच्या वेळी रक्त कमी पडलं असावं, असं सांगण्यात आलं. माझ्याच बाबतीत असं का झालं, ते कुणाला नेमकं सांगता येईना. औषधं दिली, आशा फारशी दाखवली नाही. दिवसा खिडकीच्या बाजूला थोडा उजळपणा जाणवतो, तेवढाच राहिला. पाठीचं काम मात्र चोख झालं. जिना मी आता झोकात उतरतो, फक्त तो दिसत नाही.

घरी आलो आणि बायको गोड बोलायला लागली.

“हळू हं.” “अजून थोडा भात वाढू ना?” “छान जेवलात आज.” आमटी खारट झाली म्हटलं, तर “चुकलंच माझं.” हे शब्द मी तिच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकत होतो. मी मुद्दाम खोड काढून पाहिली. तुझ्या माहेरी पुरणपोळी नव्हे, पुरणाचा पुठ्ठा करतात, म्हणालो. पूर्वी एवढ्यावर घर डोक्यावर घेतलं असतं. “असेल हो,” ती म्हणाली, “तुमचं बरोबर असेल.”

तेव्हा मी खरा घाबरलो. नजर गेली हे कळत होतं, त्याचं दुःख कसं करायचं तेही हळूहळू कळत होतं. पण ही कुठे गेली? जी दिसत नव्हती ती निदान ऐकू यायला हवी होती. आता उरलेली वर्षं आपल्याच घरात पाहुण्यासारखी काढायची, या विचारानं मला जेवण जाईना.

सकाळी ती मला पेपर वाचून दाखवायची. आमचा क्रम ठरलेला, आधी निधनवार्ता, मग देश आणि जग. महिनाभर ऐकल्यावर माझ्या लक्षात आलं की कुणी गेल्याचं काही कानावर येत नाही.

“पुण्यात लोकांनी मरायचं सोडलंय का?” मी एकदा विचारलं.

“नाहीत आज तशा बातम्या.”

“रोजच नाहीत?”

पेपरची घडी केल्याचा आवाज आला.

“तुम्ही दिवे गेलेत का म्हणालात,” ती शेवटी म्हणाली, “आणि मी बिलाचं बोलले. तुम्हाला दिसत नव्हतं आणि मी चेष्टा करत बसले. लगेच डॉक्टरांना हाक मारली असती तर...”

“काही फरक पडला नसता. मी विचारलंय त्यांना.”

“मीही विचारलंय. दोनदा. पटत नाही मनाला. तेव्हापासून तोंड उघडायचीच भीती वाटते.”

मी हात पुढे केला. तिचा हात सापडायला जरा वेळ लागला.

“त्या खोलीत मला काहीच कळत नव्हतं,” मी म्हणालो. “कुठे आहे, आहे की गेलोय, काही नाही. तू बिलाचं बोललीस तेव्हा कळलं की आहे. आणि आता तू अशी गोड बोलतेस ना, तेव्हा वाटतं, मी गेलोय आणि तू तेराव्याला आलेल्या लोकांशी बोलते आहेस.”

ती रडली. मग नाक पुसलं, पेपर उलगडला आणि निधनवार्ता वाचायला लागली.

“आपल्या पेठेतले एक निवृत्त मुख्याध्यापक...”

“ते तर मागेच गेले.”

“हे दुसरे.”

“वय काय दिलंय?”

“सांगते ना. अल्पशा आजाराने...”

“फोटो आहे का? टक्कल आहे का त्यांना?”

“अहो, वाचू द्याल का?”

“तू मधलं गाळते आहेस.”

“मग तुम्हीच वाचा.”

बोलून गेली आणि तिचा श्वास अडकला. मला तो ऐकू आला. खालून एक स्कूटर गेली. आता ही माफी मागणार, मी मनात म्हणत होतो, आणि मागितली की संपलं, मग जन्मभर तो गोड आवाज. मी जागचा हललो नाही. नको मागूस, एवढंच मनात चाललं होतं.

पेपर सळसळला.

“टक्कल आहे,” ती म्हणाली. “झालं समाधान?”

झालं होतं. “आणि वय?” मी विचारलं.